पानफुटी : माळव्याच्या ओसरीवरील काटक वनस्पती

धार आणि देवास या दोन जिल्ह्यांशी मराठी भाषकांचा संबंध फार जुना आहे. अठराव्या शतकात पवार घराण्याची सत्ता या भागात स्थिरावली. धार येथे एक आणि देवास येथे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने १९४८ पर्यंत नांदली. त्या काळात दख्खनेतून आलेली अनेक कुटुंबे माळव्यातच स्थायिक झाली. त्यांच्या घरांच्या ओसरीवर, परसात अथवा तुळशीवृंदावनाच्या आडोशाला जी साधी झाडे आढळतात, त्यांपैकी एक पानफुटी होय. फुटका माठ, तेलाचा रिकामा डबा, कान तुटलेली बादली असे कोणतेही भांडे तिला चालते. घरात तिला पानफुटी किंवा पर्णबीज म्हणतात. शेजारच्या हिंदी भाषक घरात तीच वनस्पती ‘पत्थरचट्टा’ या नावाने ओळखली जाते.

ही वनस्पती मरत नाही, असा तिचा लौकिक आहे. तो पुष्कळ अंशी खरा असला, तरी त्यामुळेच तिच्या निगेविषयी एक गैरसमज रूढ झाला आहे. मे महिन्याच्या उन्हात, पाणी मिळाले नाही तरी तग धरून राहिलेले रोप श्रावणात एकाएकी पिवळे पडते, बुडाशी काळे होते आणि आठ-दहा दिवसांत लोळण घेते. घरातील माणसे म्हणतात की रोपाला कीड लागली, किंवा कोणाची दृष्ट लागली. वस्तुतः दोष असतो तो कुंडीतील काळ्या मातीचा आणि तीत साचून राहिलेल्या पाण्याचा. माळव्यात पानफुटी दुष्काळाने क्वचितच मरते. ती मरते ती बहुधा पाण्याने.

असे का घडते हे समजण्यासाठी या वनस्पतीची राहणी थोडी जाणून घेणे आवश्यक आहे.

पानफुटी मूळची मादागास्कर बेटावरील असून आता उष्ण कटिबंधातील बहुतेक देशांत पसरलेली आहे. वनस्पतिशास्त्रात तिला कॅलँकोइ पिनाटा असे नाव आहे; जुन्या पुस्तकांत ती ब्रायोफायलम या नावाने आढळते आणि शाळांतून आजही तेच नाव अधिक परिचित आहे. ती क्रॅसुलेसी या कुलातील आहे. पाने जाड, मांसल व रसदार, कडा बोथट दातांची, खोड पोकळसर. कोवळ्या रोपाची पाने साधी असतात; रोप मोठे झाले की एकाच देठावर तीन किंवा पाच पर्णिका येऊ लागतात. त्यामुळे नवख्या माणसाला एकाच कुंडीत दोन निरनिराळी झाडे असल्याचा भास होतो. हिवाळ्याच्या अखेरीस उंच दांड्यावर खाली लोंबणारी, फुगीर कंदिलासारखी हिरवट-तांबूस फुले येतात. ती चिमटीत दाबून फट्‌ असा आवाज काढणे हा मुलांचा आवडता उद्योग आहे.

बहुतेक वनस्पती दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू आत घेतात. रंध्रे उघडी असली की त्यांतून पाण्याची वाफही बाहेर पडते, आणि कडक उन्हात ही हानी फार मोठी असते. पानफुटीने यावर निराळा उपाय योजला आहे. ती दिवसा आपली रंध्रे बव्हंशी मिटून घेते आणि रात्री हवा गार झाल्यावर ती उघडते. रात्री घेतलेला वायू ती मॅलिक आम्लाच्या रूपाने पानांत साठवून ठेवते. सूर्य उगवला की रंध्रे मिटतात, साठवलेल्या आम्लातून वायू पुन्हा मोकळा होतो आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याचे अन्न बनते. म्हणजे रात्री शिधा भरून ठेवावा आणि दिवसा दार लावून स्वयंपाक करावा, असा हा प्रकार आहे. कोरफड, घायपात, निवडुंग, अननस याही वनस्पती याच रीतीने वागतात. शास्त्रज्ञांनी या क्रियेला नाव मात्र पानफुटीच्या कुलावरून दिले आहे.

या शोधाचा एक धागा भारतात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मद्रासकडे काम करणारे वनस्पतिज्ञ बेंजामिन हाइन यांना असे आढळले की, पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते. त्यांनी ही गोष्ट पत्राने लंडनला कळविली आणि १८१५ मध्ये ती लिनियन सोसायटीच्या प्रकाशनात छापली गेली. पान आंबट का होते याचा पूर्ण उलगडा होण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. जर्मन कवी गटे यालाही या वनस्पतीचे मोठे वेड होते. तिची पाने व रोपे तो आपल्या स्नेह्यांना भेट म्हणून देत असे.

माळव्याची हवा या राहणीला मानवणारी आहे. हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० ते ६०० मीटर उंचीवर असून उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ४० अंशांच्या वर गेले तरी रात्री पुष्कळ सुसह्य असतात. ‘शब-ए-मालवा’ म्हणून येथील रात्रींची जी ख्याती आहे, ती माणसांइतकीच पानफुटीलाही उपकारक ठरते, कारण तिचा श्वास रात्रीच चालतो. धार जिल्ह्यातील मांडू येथे खुरासानी चिंचेचे, म्हणजेच गोरखचिंचेचे, प्रचंड बुंध्यांचे वृक्ष आहेत. ते मूळचे आफ्रिकेतील. त्यांच्या कुलबंधूंपैकी बहुतेक जाती मादागास्करमध्येच आढळतात. वृक्ष बुंध्यात पाणी साठवितो आणि पानफुटी पानात; दोघांचेही पाहुणेपण माळव्याने सारख्याच आपुलकीने सांभाळले आहे.

कुंडी आणि माती

मग अडचण येते कोठे? ती येते मातीत. माळव्याची काळी माती गहू, हरभरा, कापूस यांना वरदान आहे, कारण ती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. हाच गुण कुंडीत दोष ठरतो. शेतात जादा पाणी खाली झिरपण्यास वाव असतो. कुंडीत तो नसतो. ओली काळी माती फुगून चिकट होते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या बुजतात आणि मुळे गुदमरून कुजू लागतात. वाळली की तीच माती आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. मधला गोळा कोरडाच राहतो. अशा रीतीने काळ्या मातीतील रोपाला एकदा बुडावे लागते आणि एकदा तहानेने तळमळावे लागते.

यास्तव शेतातील काळी माती एकटी कधीही कुंडीत भरू नये. एक भाग पोयट्याची किंवा तांबूस मुरमाड माती, एक भाग नदीची जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत अथवा पालापाचोळ्याचे खत असे मिश्रण करावे. वाळू न मिळाल्यास विटांचा चुरा चालतो; तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा, पीठ नसावे. काळ्या मातीखेरीज दुसरी माती मिळतच नसेल, तर तिच्या एका भागास वाळू किंवा विटेचा चुरा दोन भाग घ्यावा. ओले मिश्रण मुठीत दाबून मूठ उघडली असता गोळा सहज फुटला पाहिजे. तो लाडवासारखा घट्ट राहिला तर आणखी वाळू मिसळावी.

कुंडी शक्यतो मातीची असावी. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते व मुळांना हवा मिळते. तेलाचा डबा किंवा प्लॅस्टिकची बादली वापरावयाची असल्यास तळाला तीन-चार भोके पाडणे अत्यावश्यक आहे. हे काम उद्यावर टाकले की ते राहूनच जाते. कुंडीचा आकारही बेताचा असावा. लहान रोप मोठ्या कुंडीत लावल्यास मुळे पोहोचत नाहीत तेथील माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. वीतभर उंचीच्या रोपाला १५ सेंटिमीटर तोंडाची कुंडी पुरेशी आहे. कुंडीखाली बशी ठेवण्याची हल्ली पद्धत पडली आहे. फरशी खराब होऊ नये यासाठी ती ठीक. परंतु बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे.

ऋतूप्रमाणे निगा

पाणी किती दिवसांनी द्यावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याला दिवसांच्या हिशेबाने उत्तर देणे खरे तर बरोबर नाही. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. आत ओल लागली तर पाणी देऊ नये. कोरडे लागले तर तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत भरपूर द्यावे आणि पुन्हा माती वाळेपर्यंत थांबावे. रोज सकाळी तुळशीबरोबर पानफुटीलाही तांब्याभर पाणी घालण्याची सवय श्रद्धेची असली, तरी पानफुटीला घातक आहे. साधारण अंदाज हवाच असेल तर उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, थंडीत दहा-पंधरा दिवसांनी पाणी लागते. उन्हाळ्यात ते सायंकाळी द्यावे.

पावसाळ्यात मात्र पाणी देण्यापेक्षा पाणी चुकविण्याचाच विचार करावा लागतो. माळव्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि झड लागली की आठवडाभर माती वाळत नाही. मृग लागताच कुंडी ओसरीच्या आत, जेथे उजेड येतो पण पागोळ्या पडत नाहीत अशा जागी आणावी. एवढ्या एका गोष्टीने बहुतेक रोपे वाचतात. आत आणलेल्या रोपाला या दिवसांत दोन-तीन आठवडे पाणी न दिले तरी बिघडत नाही, कारण हवाच ओलसर असते.

हिवाळ्यातील धोका वेगळा आहे. पठारावर काही रात्री कडाक्याच्या थंडीच्या असतात आणि अधूनमधून पालाही पडतो. पानफुटीच्या पानांत पाणीच अधिक असल्यामुळे पाल्याने ती काचेसारखी पारदर्शक होऊन नंतर काळी पडतात. पाल्याची शक्यता दिसताच कुंडी रात्रीपुरती घरात घ्यावी किंवा तिच्यावर गोणपाट टाकावे, आणि त्या दिवसांत माती कोरडीच ठेवावी. धार जिल्ह्यातील धरमपुरी, मनावर, कुक्षी हा विंध्याच्या खालचा निमाडी भाग आणि देवास जिल्ह्यातील नेमावरकडील नर्मदाकाठ हे सखल व अधिक उष्ण आहेत. तेथे पाल्याची भीती कमी, परंतु उन्हाची अधिक. निमाडातील मे महिन्याच्या दुपारच्या उन्हात ठेवलेल्या रोपाच्या पानांवर पांढुरके करपलेले डाग पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. तेथे पूर्वेची ओसरी उत्तम. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीजवळ कुंडी ठेवू नये.

उजेडाच्या बाबतीत रोप स्वतःच पुरेशी सूचना देत असते. खोड लांबट व लुळे होऊन खिडकीकडे झुकले आणि पानांमधील अंतर वाढले, म्हणजे उजेड कमी पडत आहे असे समजावे. पानांच्या कडा तांबूस झाल्या तर ते ऊन किंवा थंडी अधिक लागल्याचे लक्षण आहे. त्यात काळजीचे कारण नाही, आणि अनेकांना तो रंग आवडतोही. पान पातळ पडून सुरकुतले तर रोप तहानलेले आहे. पान पिवळे, मऊ आणि पाणचट झाले तर पाणी अधिक झाले आहे. या शेवटच्या दोन लक्षणांत अनेकांचा घोटाळा होतो आणि कुजणाऱ्या रोपालाच आणखी पाणी घातले जाते. शंका आल्यास पान चिमटीत धरून पाहावे : तहानलेले पान चामड्यासारखे लवते, कुजलेले बोटाखाली फुटते.

कीड फारशी लागत नाही. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा. फडके साबणाच्या पाण्यात बुडवून पुसून काढावे व चार-पाच दिवसांनी पुन्हा तसेच करावे. पिकावर मारावयाचे विषारी औषध घरातील चार पानांसाठी आणण्याचे कारण नाही.

या काटकपणाला देवासमध्ये विशेष अर्थ आहे. १९९० च्या उन्हाळ्यात या शहराला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या घरात पिण्याच्या पाण्याच्या घागरी मोजल्या जातात, तेथे फुलझाडांसाठी पाणी मागणे अवघड असते. भाजी किंवा तांदूळ धुतलेले पाणी आठवड्यातून एक-दोनदा मिळाले तरी पानफुटीचे भागते. शाळांच्या दृष्टीनेही हा गुण मोलाचा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतील कुंड्या बेवारस पडतात आणि जूनमध्ये त्यांत वाळलेल्या काड्या तेवढ्या उरतात. सुट्टी लागण्याच्या दिवशी भरपूर पाणी देऊन सावलीच्या व्हरांड्यात ठेवलेली पानफुटीची कुंडी चार-पाच आठवडे सहसा टिकून राहते. पाने थोडी सुरकुततील. पहिल्या पाण्यानंतर ती पुन्हा भरतात.

पानातून रोप

पानफुटी हे नाव ज्या गुणावरून पडले तो प्रत्येक शाळेत दाखविण्यासारखा आहे. पानाच्या कडेवरील प्रत्येक खाचेत नव्या रोपाचा सूक्ष्म अंकुर निद्रिस्त असतो. पान झाडाला लागलेले असेपर्यंत तो सहसा वाढत नाही. पान तुटले की जागा होतो. जून, निरोगी पान घेऊन ते ओलसर वाळूवर नुसते पसरून ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत खाचांतून आधी पांढरी मुळे आणि मग मुगाच्या डाळीएवढी पानांची जोडी बाहेर येते. दोऱ्याने भिंतीवर टांगलेल्या पानालाही कोंब फुटतात, कारण लागणारे पाणी व अन्न पानातच साठविलेले असते. तथापि अशी रोपे लवकर मातीत न लावल्यास खुरटतात. मूळ पान सुकत चालले आणि पिल्लाला दोन-तीन जोड्या पाने आली की ते अलगद वेगळे करून लहान कुंडीत लावावे. एका पानापासून सात-आठ विद्यार्थ्यांना एकेक रोप मिळू शकते. रोपवाटिकेतून विकत आणण्याची गरज नाही.

हाइन यांनी जिभेने केलेला प्रयोग शाळेत मात्र जिभेने करू नये. त्याऐवजी एकाच रोपाचे एक पान सूर्योदयापूर्वी आणि दुसरे सायंकाळी तोडून, सारख्या वजनाचे घेऊन, सारख्या पाण्यात वाटून गाळावे. दोन्ही रसांत फिनॉल्फ्थॅलिनचा एकेक थेंब टाकून सौम्य दाहक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने मिसळावे आणि गुलाबी रंग येईपर्यंत किती थेंब लागतात ते मोजावे. सकाळच्या रसाला स्पष्टपणे अधिक थेंब लागतात. सोड्याचे द्रावण शिक्षकांनी स्वतः हाताळावे. मागील वर्गाच्या मुलांनाही या प्रयोगातून पाने दिवसरात्र एकसारखी नसतात हे डोळ्यांनी दिसते.

औषध म्हणून वापर आणि गुरांना धोका

पत्थरचट्टा या नावामुळे या पानांनी मुतखडा विरघळतो असा समज सर्वत्र आहे, आणि सकाळी उपाशीपोटी दोन पाने चावून खाण्याचा सल्ला ओसरीवरच दिला जातो. नावाचा आणखी एक गोंधळ असा की, पाषाणभेद आणि ओव्याच्या वासाच्या पानांची एक वेगळीच वनस्पती यांनाही काही ठिकाणी याच किंवा अशाच नावाने ओळखतात. त्यामुळे एका झाडाचा गुण दुसऱ्याच्या पदरात पडतो. जखमेवर वाटलेले पान बांधण्याची रीतही जुनी आहे. पानफुटीत बुफाडायनोलाइड या वर्गातील द्रव्ये असतात आणि त्यांचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होऊ शकतो. हृदयविकारासाठी औषधे घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी ही पाने खाऊ नयेत. कंबरेतून जांघेकडे जाणारी कळ, लघवीतून रक्त किंवा थंडी वाजून ताप अशी लक्षणे असता पानांवर विसंबून दिवस काढणे धोक्याचे आहे. खडा मूत्रमार्गात अडकून राहिल्यास मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते. अशा रुग्णास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे.

गुरांच्या बाबतीत धोका अधिक प्रत्यक्ष आहे. ऑस्ट्रेलियात पानफुटी व तिच्या जवळच्या जाती कुरणांत पसरल्याने त्या खाऊन गुरे दगावल्याची नोंद आहे. फुलांत विषारी द्रव्य अधिक असते, आणि फुले येतात ती नेमकी हिरवा चारा संपत आलेल्या दिवसांत. शेळी वाटेतील सर्व काही चाखून पाहते. म्हणून कुंडी शेळ्या-वासरांच्या तोंडाला लागणार नाही इतक्या उंचीवर, कट्ट्यावर किंवा कोनाड्यात ठेवावी. जनावराने पाने खाऊन लाळ गाळणे, पातळ शेण किंवा धडपडणे अशी चिन्हे दिसल्यास त्याला चालविण्याचा खटाटोप न करता पशुवैद्यकास बोलवावे आणि खाल्लेल्या झाडाची फांदी दाखवावी.

फुले येऊन गेल्यावर दांडा सुकतो आणि रोप उंच, वेडेवाकडे होते. मार्चच्या अखेरीस ते बुडापासून चार बोटे ठेवून छाटावे. खालून नवे फुटवे येतात. बुडाशी कुजलेले रोपही वाचविता येते : वरचा निरोगी शेंडा स्वच्छ सुरीने कापून, सावलीत तीन-चार दिवस जखम सुकू द्यावी आणि मग कोरडसर वाळूमिश्रित मातीत खोचावा. छाटलेल्या फांद्या व पाने मात्र नाल्यात, ओढ्याकाठी किंवा वनाच्या कडेला फेकू नयेत. तेथे पडलेले प्रत्येक पान रुजते, आणि अनेक देशांत ही वनस्पती अशाच रीतीने तण म्हणून पसरली आहे. ती उन्हात तापलेल्या फरशीवर पसरून पूर्ण कडकडीत वाळवावीत आणि मगच खताच्या खड्ड्यात टाकावीत.